पडदा कशाचा, ते आधी सांगा

सोलापुरातल्या बाळीवेशीत राहणाऱ्या एका काकांच्या वरच्या पुढच्या दाताचं मूळ चिरलं होतं. चार वर्षं झाली त्याला. दात वाचण्यासारखा नव्हता. तो काढायचा, त्या जागी हाड भरायचं आणि हाड पक्कं झालं की स्क्रूचा दात बसवायचा, असं ठरलं. काका सिद्धेश्वरांचे भक्त, दर संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर चालणारे. त्यांचा एकच हट्ट : "गड्ड्याच्या आत तोंडात दात दिसला पाहिजे बघा." गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वरांची जत्रा.

ऑपरेशनच्या दिवशी ट्रे मांडणं चाललं होतं. असिस्टंटने मेम्ब्रेनचं, म्हणजे पडद्याचं, आतलं पाकीट फोडलं. पांढरट, जाड कागदासारखा कोरडा तुकडा, 13 बाय 25 मिलिमीटरचा. काकांनी खुर्चीतून मान वळवून पाहिलं.

"हे कशाचं हाय वो, डॉक्टर?"

"पडदा आहे, काका. हाडावर ठेवायचा असतो. नंतर आपोआप विरघळतो."

त्यांनी मान हलवली आणि मी भुलीची सुई हातात घेतली.

काकांनी विचारलं होतं, कशाचं. मी सांगितलं, कशासाठी. पेटीवर स्वच्छ छापलेलं होतं की हे डुकराचं कोलॅजेन, म्हणजे शरीरातलं चिवट प्रथिन, आहे. मला ते ठाऊक होतं. काकांनी जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही, हेही ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात असताना मी त्यांची गाठ पडू दिली नाही. तसं करण्याची आमच्या व्यवसायाला सवय झाली आहे. ती मोडली पाहिजे, आणि कुणाच्या भलेपणावर न सोडता नियमानेच मोडली पाहिजे, असं मला वाटतं.

आधी हा पडदा करतो काय, ते सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं बोलणं अर्धवट राहील.

दात काढला की त्याच्याभोवतीचं हाड खचायला लागतं. पुढच्या दातांपुढची हाडाची भिंत तर इतकी पातळ असते की दाताचा आधार गेल्यावर ती फार दिवस तग धरत नाही. दाढा आणि उपदाढा काढलेल्या रुग्णांवरचा 2003 सालचा एक अभ्यास आम्ही सगळेच विद्यार्थ्यांना सांगतो. त्यात हाडाची रुंदी वर्षभरात सरासरी 12 मिलिमीटरवरून 6 वर आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. म्हणजे वर्षभराने "आता दात बसवा" म्हणून रुग्ण येतो, तेव्हा स्क्रू रोवायला जमीनच उरलेली नसते.

म्हणून खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात. पण नुसती भुकटी भरून भागत नाही, कारण हिरडीच्या पेशी वाढायला चपळ आणि हाडाच्या पेशी संथ. मोकळी जागा दिसली की हिरडी आधी आत शिरते आणि जिथे हाड यायचं तिथे नुसतं मांस भरतं. दोघांच्या मध्ये आडोसा धरला, तर हाडाला आपल्या चालीने भरून यायला सवड मिळते. स्वीडनमधल्या संशोधकांनी 1982 मध्ये हे पहिल्यांदा माणसाच्या दातावर करून दाखवलं, तेव्हा त्यांनी आडोसा म्हणून प्रयोगशाळेतला गाळणकागद वापरला होता. पुढे टेफ्लॉनच्या जातीचे पडदे आले. ते काम चोख करायचे, पण विरघळत नसत. काढण्यासाठी पुन्हा हिरडी उघडायची, पुन्हा टाके घालायचे. मध्येच पडदा उघडा पडला तर जंतू धरायचे आणि सगळी मेहनत वाया जायची. कोलॅजेनच्या पडद्याने तो जाच संपवला. तो रक्ताने भिजला की मऊ पडतो, हाडावर ओल्या रुमालासारखा बसतो, उघडा पडला तरी बहुधा निभावतो आणि काही आठवड्यांत-महिन्यांत शरीरच त्याला पचवून टाकतं. मी तो वापरतो आणि पुढेही वापरणार आहे. माझी तक्रार पडद्याबद्दल नाही.

कोलॅजेन म्हणजे काय, हे सोलापुरात समजावणं तर फारच सोपं. आपल्या कातडीत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांत, हाडांत, हिरडीत जे चिवट सूत आहे ते कोलॅजेन. त्याची घडण तीन पदरांच्या पिळाची आहे, हे 1954 मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा तपासली होती. ज्यांचं आयुष्य मागावर गेलं, त्यांना तीन पदरी पीळ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. दोन थरांच्या पडद्याची एक बाजू गच्च आणि दुसरी सैल असते. गच्च बाजू हिरडीकडे, सैल बाजू हाडाकडे. मी पेशंटला टॉवेलचं उदाहरण देतो. एक बाजू सपाट विणीची, दुसरी फुगीर, रक्त धरून ठेवणारी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात राबलेला माणूस हे ऐकून मलाच विचारतो, "उलटा लागला तर?" नेमका तोच प्रश्न आमच्या परीक्षेत विचारतात. तेव्हा 'पेशंटला काय कळणार' हे कारण निदान या गावात तरी कुणी देऊ नये.

आता हे सूत येतं कुठून? डुकराच्या कातडीतून किंवा पोटाच्या आतल्या आवरणातून. गायीबैलांच्या टाचेच्या कंडरेतून किंवा कातडीतून. माशांच्या कातडीतूनही येतं. खाली भरायची हाडाची भुकटीही पुष्कळदा गुरांच्या हाडांची असते. उच्च तापमानाला तापवून त्यातला प्रथिनांचा अंश काढून टाकलेला असतो आणि नुसतं खनिज उरतं. म्हणजे एकाच खड्ड्यात दोन जनावरांचा अंश जाऊ शकतो. डुकराचा मुसलमानाला नको, आणि शाकाहारी लिंगायताला, जैनाला दोन्ही नकोत. आपल्या गावात एका वाड्याच्या भिंतीला लागून हे सगळे राहतात. लग्नाच्या पंगतीला कोण कुणाच्या हातचं काय खाईल आणि काय नाही, हे आपल्याला पाठ असतं. त्यात आपण एकमेकांची अडचण करत नाही. मग जबड्यात काय शिवायचं, हे मात्र न विचारता ठरवायचं?

यावर माझे व्यवसायबंधू तीन-चार गोष्टी सांगतात. मीही वर्षानुवर्षं स्वतःला त्याच सांगत आलो.

पहिली अशी की इतक्या प्रक्रियेनंतर त्यात जनावर उरतंच कुठे? शुद्ध प्रथिन ते. याला शास्त्राचा आधार आहे. काही मुस्लिम अभ्यासकही म्हणतात की वस्तूचं रूप पूर्ण पालटलं की तिचा निषिद्धपणा जातो. काही म्हणतात, जात नाही. पण हा वाद डॉक्टरने मनातल्या मनात मिटवून कसं चालेल? ज्याच्या तोंडात ते जाणार, त्याने तो मिटवायचा. वस्तू बदलली की नाही हे शास्त्र सांगेल. ती आपल्याला चालते की नाही, हे माणूस सांगेल.

दुसरी गोष्ट कॅप्सूलची. रोज जिलेटीनच्या कॅप्सूल गिळतात, तेव्हा कुणी विचारतं का? जिलेटीन म्हणजे शिजवलेलं कोलॅजेनच, हे खरं. हेपॅरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध डुकराच्या आतड्यातून काढतात, हेही खरं. पण छातीत कळ आलेल्या माणसाला हेपॅरिन देताना विचारत बसायला वेळ नसतो. जबड्यातलं हाड भरायला घाई नसते. तारीख आठ दिवस आधी ठरते. हाच फरक दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये केला होता. जीव वाचवणारी औषधं वगळून बाकीच्या औषधांवर आणि सौंदर्यप्रसाधनांवर प्राणिजन्य घटक आहे की नाही ते दाखवा, असा आदेश त्याने दिला. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. तशी सक्ती करायची की नाही हा सरकारचा प्रश्न ठरला. परिणाम असा की पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका सापडतो आणि काही हजारांच्या मेम्ब्रेनचं मूळ पेटीवरच्या बारीक इंग्रजीत राहतं. ती पेटी पेशंट कधीच वाचत नाही, कारण ती त्याच्या हातातच येत नाही.

आणि ही माहिती गोळा करायला अवघड आहे म्हणावं, तर तसंही नाही. 1996 मध्ये ब्रिटनने गुरांच्या 'मॅड काऊ' रोगाचा माणसांतल्या आजाराशी संबंध मान्य केला. तेव्हापासून गुरांच्या ऊतींपासून काही बनवायचं तर जनावर कोणत्या देशातलं, कसं तपासलं, याचा कागद ठेवावा लागतो. आपल्याकडे 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत प्राण्यांच्या ऊतींपासून बनवून शरीरात ठेवायच्या वस्तू सर्वांत जास्त जोखमीच्या डी वर्गात धरल्या आहेत. म्हणजे कारखान्याला माहीत आहे, सरकारला माहीत आहे, पुण्याच्या डीलरला माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त काकांना माहीत नाही.

तिसरी अडचण सगळ्यांच्या पोटात असते, पण बोलून कमी लोक दाखवतात. सांगितलं तर पेशंट उठून जाईल. काही जातील, मान्य. पण जो खरं ऐकून जाईल, त्याला खरं न सांगता थांबवून घेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? 2008 च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सरळ सांगितलं आहे. तिथे रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयाने ती संमती मानली नाही. उपचार काय, कशासाठी, फायदा काय, दुसरे मार्ग कोणते, धोके कोणते, हे पुरेसं सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती, असं म्हटलं. 'दुसरे मार्ग कोणते' हे त्यातलं माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठं वाक्य. पदार्थाचं मूळ लपवलं की दुसऱ्या मार्गाचा विषयच निघत नाही. डुकराचा पडदा नको तर माशाचा आहे का, असं विचारायला आधी तो डुकराचा आहे हे कळावं लागतं.

आणि दुसरे मार्ग आहेत. माशाच्या कोलॅजेनचे पडदे मिळतात. थंड पाण्यातल्या माशाचं कोलॅजेन कमी उष्णतेला सैल पडतं, म्हणून ते कसं तयार केलंय हे डॉक्टरने पाहून घ्यावं. कृत्रिम, विरघळणाऱ्या बहुवारिकांचे (पॉलिमरचे) पडदे आहेत, त्यांत प्राण्याचा अंश नाही. टेफ्लॉनच्या जातीचे अजून आहेत, फक्त ते नंतर काढावे लागतात. मुंबईत टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेत दान मिळालेलं, किरणोत्साराने निर्जंतुक केलेलं मानवी हाड मिळतं. ते काहींना अधिक जवळचं वाटतं, काहींना अजिबात नको वाटतं. पेशंटचंच रक्त यंत्रात गरगर फिरवून केलेला पीआरएफचा, म्हणजे रक्तातल्या गोठणाऱ्या प्रथिनाचा, थर आहे. 2001 मध्ये फ्रान्समध्ये शोधलेली ती रीत आज सोलापुरातल्या कितीतरी दवाखान्यांत चालते, आणि स्वतःचं रक्त म्हटल्यावर कुणाचीच हरकत नसते. पण तो थर एक-दोन आठवड्यांत विरतो. मोठ्या खड्ड्याला एवढा आडोसा पुरत नाही, आणि 'आम्ही शाकाहारी पडदा वापरतो' म्हणून तो सरसकट सगळ्यांना लावणं ही दुसरी फसवणूक होईल. प्रत्येक मार्गाला काहीतरी उणं आहे. ते उणं-अधिक पेशंटसमोर मांडायला मला आता पंधरा मिनिटं लागतात. सुरुवातीला चाळीस लागायची.

त्या पंधरा मिनिटांत आणखी एक गोष्ट होते, जिचा मी आधी विचार केला नव्हता. कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून एक विडी कामगार बाई आल्या होत्या. मागची दाढ काढायची होती. आधीच्या ठिकाणी त्यांना हाड आणि पडद्याचा खर्च सांगितला होता. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तेव्हा तो खर्च त्यांच्या बोटांनी किती विड्या वळल्यावर निघणार, हे त्यांनी मनात कधीच मांडलेलं होतं. मी पडदा कशाचा, ते सांगू लागलो. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, "आणि नाही घातला तर काय होतंय?" त्यांना त्या जागी पुढे स्क्रूचा दात बसवायचा नव्हता. दाढेच्या खड्ड्याच्या भिंती शाबूत होत्या. नाही घातला तर काही बिघडत नव्हतं. साधी दाढ काढून, कापूस दाबून त्या घरी गेल्या. जाताना मिश्री सोडायचं मात्र मी त्यांना तीनदा सांगितलं, कारण तंबाखूने जखमेचा रक्तपुरवठा मारला तर कुठल्याही जनावराचा पडदा हाड आणून देत नाही. म्हणजे 'कशाचा' सांगायला बसलं की 'कशाला' हा प्रश्नही आपोआप पुढे येतो. तोच तर काही जणांना नको असतो, अशी शंका मला येते.

विजापूर वेशीतला एक यंत्रमागावरचा तरुण दोन दिवसांची मुदत मागून गेला. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारलं, मशिदीत विचारलं. परत येऊन म्हणाला, दुसरं काही असेल तर ते घाला, नसेल तर मग बघू. माशाचा मागवला. तो यायला आठवडा लागला, पण जखम चांगली भरली. एका जैन बाईंनी मला समोर बसवून सगळे पर्याय लिहून घेतले आणि शेवटी हाड न भरता, शेजारच्या दोन दातांच्या आधारावर ब्रिज, म्हणजे पुलासारखा जोडलेला दात, करून घेतला. मला तो निर्णय पटला नाही. त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करावे लागले. पण दात त्यांचे होते, आणि त्यांनी निवड डोळे उघडे ठेवून केली.

काकांना मी सांगितलं. गेल्या पौषात ते तपासणीला आले. दात पक्का होता. हातात नेहमीप्रमाणे शेंगापोळीचा डबा होता. मी दार लावलं आणि चार वर्षांपूर्वी ट्रेमध्ये जे होतं, ते कशाचं होतं ते सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "अजून आत हाय काय?" मी सांगितलं, नाही, तो तेव्हाच काही महिन्यांत विरून गेला, आता तिथे तुमचं स्वतःचं हाड आहे. त्यांनी जिभेने दात चाचपला. "मग आता काय करणार," म्हणाले. उठले, दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले, "पण मी तेव्हा विचारलो होतो की." डबा टेबलावरच राहिला होता. तो मी घरी नेला, पण मला ती पोळी गोड लागली नाही.

मला काय हवं आहे ते सांगतो, म्हणजे उगाच भावनेवर विषय राहायला नको. शरीरात ठेवायच्या प्रत्येक प्राणिजन्य वस्तूच्या पेटीवर, डोळ्यांना दिसेल अशा आकारात, मराठी-हिंदीत जनावराचं नाव हवं. नुसती मांसाहाराची खूण नको, कारण डुक्कर, गाय आणि मासा यांत पेशंटला फरक असतो. संमतीपत्र पेशंटच्या भाषेत हवं. सोलापुरात त्या भाषा चार आहेत, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, आणि चारही भाषांतलं एक पान छापायला कुठल्याही दवाखान्याला परवडतं. ते पान ऑपरेशनच्या टेबलावर न देता आधीच्या भेटीत द्यायचं, घरी नेऊ द्यायचं. दर आणि पर्याय त्यावर हाताने भरायचे. आणि पेटीबरोबर लॉट नंबरचं जे स्टिकर येतं, ते एक आपल्या फाइलला आणि एक पेशंटच्या कार्डाला चिकटवायचं. उद्या त्या लॉटमध्ये काही दोष निघाला तर शोधायला उपयोग होईल, हा तर साधा व्यवहार आहे. दंत महाविद्यालयांत टाके घालायला शिकवतात, तसं हे बोलायलाही शिकवावं. पहिल्या दहा वेळा जीभ अडखळते, हे मी अनुभवाने सांगतो.

सरकारचा नियम येईल तेव्हा येईल. आमच्या गावातल्या दंतवैद्यांच्या पुढच्या बैठकीत मी हे चार भाषांतलं पान घेऊन जाणार आहे. कन्नड मजकूर काकांनी तपासून दिला आहे. 'हंदि', म्हणजे डुक्कर, हा शब्द त्यांनी स्वतः, जरा ठळक अक्षरात, लिहून घातला आहे.